सुकटीचा वास आणि न पडलेला एमसीबी

शिरूर-दौंड पट्ट्यात जळक्या वासाची ओळख बहुतेकांना विहिरीवर होते. एक फेज गेलेला असतो, अशा वेळी मोटार बंद पाडणारा प्रिव्हेंटर कुणीतरी काढून ठेवलेला असतो, आणि उरलेल्या दोन फेजवर मोटार नुसतीच गुरगुरते. कॉइलवरचं वार्निश जळायला लागलं की तो वास ओळखायला वायरमन लागत नाही. दुसऱ्या दिवशी मोटार भरायला टाकायची.

घरातला वास मात्र फसवतो. सकाळी सकाळी सुकट भाजल्यासारखा वास सुटतो. पहिला संशय शेजाऱ्यांवर जातो, मग माळ्यावर उंदीर मेला असेल म्हणून शोधाशोध होते. पण नाक चुकलेलं नसतं. स्विच आणि सॉकेटमधलं कडक प्लास्टिक पुष्कळदा युरिया-फॉर्मल्डिहाइडचं असतं. ते फार तापलं की अमाइन जातीचे वायू निघतात, आणि माशांचा वासही अमाइनचाच. उंदीर नंतर शोधा, आधी बोर्ड बघा.

‘खरंच जळत असतं तर एमसीबी पडला असता.’ हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो, कारण तो शहाण्या माणसांचा आहे. एमसीबी पडतो तो करंट वाढल्यावर. सॉकेटमधला स्क्रू ढिला असेल तर करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. ढिल्या जोडात अर्धा ओहम रोध आला, तर तेवढ्याशा जागेत सुमारे ३८ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लेटच्या मागे एक सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखंच. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल! गळती पकडणारा आरसीसीबीही इथे गप्प बसतो, कारण करंट बाहेर कुठे गळतच नाही.

‘खिडक्या उघडल्या की वास जातो.’ हवेतला जातो. वायर लवचीक राहावी म्हणून पीव्हीसीत तेलकट द्रव्य घातलेलं असतं. वायर जळताना त्याची वाफ होते आणि गार भिंतीवर, पडद्यावर, घडवंचीवरच्या गोधड्यांवर तिचा न दिसणारा थर बसतो. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की तोच थर पुन्हा थोडाथोडा हवेत येतो, आणि दुरुस्ती होऊनही ‘वास परत आला’ म्हणून घर हवालदिल होतं. उदबत्ती आणि कापूर लावून तो फक्त झाकला जातो. त्यात आपलं नाक थोड्या वेळात सरावतं, म्हणून घरच्यांना न येणारा वास पाहुण्याला उंबऱ्यातच येतो. त्याचं ऐकावं.

मग हा वास जुना की नवा? जुना वास घरभर मंद पसरलेला असतो आणि उकाड्यात वाढतो. नवा वास गिझर, इस्त्री, मोटार चालू केल्यावर येतो, एकाच जागेतून येतो, आणि तिथली प्लेट कोमट लागते किंवा पिवळी पडलेली दिसते. तसं दिसलं तर मेन बंद करायचा. ठिणगी किंवा ज्वाळा असेल तर पाणी मारायचं नाही. खांबावर किंवा सर्व्हिस वायरवर जळत असेल तर महावितरणला १९१२ वर कळवायचं. मीटरच्या पुढची वायरिंग मात्र आपली.

‘स्क्रू आवळला, झालं काम’ हेही खरं नाही. एकदा तापलेल्या सॉकेटच्या पितळी पट्टीचा ताण गेलेला असतो, ती पिन घट्ट धरत नाही. शिवाय जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं आणि शेजारच्या स्विचचं तांबंही हळूहळू खातं. म्हणून पूर्ण बोर्ड उघडून बघायला सांगा. पडदे, गोधड्या धुवा. मेन बंद ठेवून भिंत साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. आणि वायरमन काळ्या पडलेल्या वायरला तसाच पीळ मारून वर टेप गुंडाळू लागला, तर त्याला थांबवा. लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापायला लावा, मग ती दोन इंच कमी पडली तरी चालेल.