मुलाला काय दिसतं, हे मुलालाच विचारा

पट्टी, थेंब, चष्मा किंवा शस्त्रक्रिया, मुलाच्या डोळ्यावर कोणताही उपचार झाला तरी तो लागू पडला की नाही, याचा निकाल भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता देतो. यूट्रेख्टचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये असा तक्ता प्रसिद्ध केला आणि त्याने नेत्रवैद्यकाला शिस्त लावली, यात वाद नाही. पण तिथे पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं असतात, उजेड चांगला असतो आणि मूल खुर्चीत स्थिर बसलेलं असतं. शाळकरी मुलाच्या दिवसात हे तिन्ही योग क्वचितच जुळून येतात. म्हणून उपचाराचं यश ठरवताना मुलाच्या रोजच्या कामांनाही तक्त्याइतकंच वजन मिळायला हवं, आणि त्या कामांबद्दल शक्य तिथे मुलालाच विचारायला हवं.

हे कसं करता येतं, याचा सर्वांत सुंदर नमुना मला हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या प्रश्नावलीत दिसतो. विजया गोथवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीची बरीच साधनं मोठ्या माणसांसाठी होती. मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी तयार झालेली चौदा प्रश्नांची नामांकित यादी तर गाडी चालवण्याबद्दलही विचारते. आठ वर्षांच्या मुलाला तिचा काय उपयोग? हैदराबादच्या यादीत आठ ते अठरा वर्षांच्या दृष्टिबाधित भारतीय मुलांसाठी एकोणीस कामं आहेत. पहिल्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घेता येतं का? बसचा नंबर वाचता येतो का? शिकवणीहून रात्री, रस्त्यावर दिवे असताना, एकट्याने घरी येता येतं का? रस्त्यापलीकडून कुणी हात हलवून बोलावतंय, हे कळतं का? एक आणि दोन रुपयांची नाणी वेगळी ओळखता येतात का? ब्रशवर पेस्ट लावणं, वर्गात पडलेलं खोडरबर शोधणं, सुईत दोरा ओवणं, असं सगळं त्यात आहे. ही यादी वाचताना आपल्याकडच्या मुलाचा अख्खा दिवस डोळ्यांसमोर येतो. आणि ती नुसती भावनिक नाही. सुईत दोरा ओवणं आणि ताटातलं अन्न शोधणं यांना सारखेच गुण दिले, तर बेरीज फसवी येते. डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांच्या पद्धतीने प्रत्येक कामाची अवघडता आणि प्रत्येक मुलाची क्षमता एकाच पट्टीवर मांडता येते. हैदराबादच्या गटाने तीच वापरली.

अशा मोजमापाने उपचाराची निवडही बदलू शकते. आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, की त्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याची नजर धूसर करायची, हे तपासण्यासाठी अमेरिकेत सात वर्षांखालच्या ४१९ मुलांचा अभ्यास झाला. २००२ मध्ये आलेल्या निकालात सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची नजर सरासरी सुमारे तीन ओळींनी सुधारलेली होती. तक्त्याच्या लेखी फरक नगण्य. पण त्याच मुलांच्या पालकांना त्रास, उपचार पाळण्यातली अडचण आणि चारचौघांत वाटणारा संकोच यांबद्दल विचारलं, तेव्हा तिन्ही बाबतींत थेंब सरस ठरले. मग निवड करताना ही माहिती कुटुंबासमोर ठेवायला नको का?

महाराष्ट्रातला पुरावा तर अधिक बोलका आहे. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण माध्यमिक शाळांत चष्मे दिलेल्या मुलांपैकी १०१८ जणांना पुढच्या वर्षी पुन्हा तपासलं. त्यांतल्या फक्त ३०० जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. न घालण्याची कारणं विचारल्यावर सर्वांत जास्त, १४२ मुलांनी, ‘चिडवतात’ असं सांगितलं. चष्म्याचा नंबर कितीही अचूक काढलेला असला, तरी चष्मा दप्तरात किंवा घरी पडून असेल तर उपचार झालाच नाही. हे कारण कोणत्याही यंत्राने कळलं नसतं. मुलांना विचारलं म्हणून ते कळलं.

यावर पहिला आक्षेप येतो की मुलांच्या उत्तरांचा भरवसा काय? जन्मापासून धूसर पाहणाऱ्याला स्पष्ट म्हणजे काय हे कसं ठाऊक असणार? पण चांगली प्रश्नावली स्पष्टतेबद्दल विचारतच नाही, कामाबद्दल विचारते. आणि बसचा नंबर वाचता येतो की नाही, हे मुलाला नक्की माहीत असतं. अगदी लहानांसाठी पालकांना विचारावं लागतं, हे खरं. म्हणूनच मुलांच्या डोळ्यांसाठी अमेरिकेत तयार झालेल्या एका नव्या प्रश्नावलीत मुलाचे आणि पालकांचे भाग वेगळे ठेवले आहेत. पालकांची काळजी आणि मुलाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या मिसळता कामा नयेत. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. एकच डोळा आळशी असलेलं मूल दुसऱ्या डोळ्याच्या बळावर सगळी कामं करतं आणि ‘काही अडचण नाही’ म्हणतं. तिथे प्रश्नावलीवर विसंबून पट्टी थांबवली तर नुकसान होईल. तक्ता म्हणूनच हवा. पट्टी किती तास लावायची, हे ठरवताना मात्र मुलाचा दिवस विचारात घ्यावा. मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यात रोज दोन तासांच्या पट्टीने सहा तासांइतकीच सुधारणा झाल्याचं २००३ मध्ये अमेरिकेतच दिसलं होतं. रोजचे चार तास वाचले, तर मूल तेवढा वेळ उघड्या डोळ्यांनी खेळू शकतं.

उरतो वेळेचा प्रश्न. गर्दीच्या ओपीडीत वीस प्रश्न कोण विचारणार? बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर मुलं बाहेर बाकावर बराच वेळ बसून असतात. तेव्हा जवळचं वाचता येत नाही, पण बोलता येतं. प्रशिक्षित सहायक तोंडी प्रश्न विचारून उत्तरं नोंदवू शकेल. प्रश्न जुने होतात, हेही खरं आहे. हैदराबादच्या गटाने २०१२ मध्ये सुधारित यादी आणलीच. मराठी मुलांसाठी, खेड्यातल्या आणि शहरातल्या दोन्ही, अशी तपासून घेतलेली यादी आपल्या नेत्ररुग्णालयांनी वापरात आणावी. तोवर पालकांनी पुढच्या तपासणीला जाण्याआधी मुलाला फळा, बस, रात्रीचा रस्ता आणि वर्गातलं चिडवणं यांबद्दल विचारावं, आणि त्याची उत्तरं लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावीत.