घावणे तीन, वडे दोन!

आठवडाभर ओट्स, ग्रीन टी आणि उकडलेली अंडी. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली की शनिवारी सकाळी कुडाळ, तिथून तासाभरात मालवण. बॅग रूमवर टाकायची आणि पहिलं काम काय? नाश्ता! समोर वाफाळती ताटली आली की डाएट गेलं अरबी समुद्रात. सोमवारी पुन्हा वजनकाट्यावर उभं राहताना मात्र टेन्शन.

एवढं टेन्शन घ्यायची गरज आहे का? बॉस, मालवणी नाश्ता वाटतो तितका व्हिलन नाही. फक्त त्यातला कुठला पदार्थ हिरो आणि कुठला गुपचूप खिसा कापणारा, हे ओळखता आलं पाहिजे.

मुंबई-पुण्यात आता मेनूकार्डवर कॅलरी छापलेल्या दिसतात. 2020 च्या सरकारी नियमांनुसार 10 किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेल्सना त्या छापाव्या लागतात. मालवणच्या बाजारातल्या घरगुती खानावळीत किंवा तारकर्लीच्या एखाद्या न्याहारी-निवासात काकी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने 'घावणे-चटणी, उसळ-पाव, आंबोळी' एवढंच लिहिणार. म्हणजे हिशेब आपणच करायचा. करूया.

आधी बजेट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या आकड्यांप्रमाणे दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला साधारण 2,110 आणि 55 किलोच्या बाईला 1,660 कॅलरी लागतात. नाश्त्याला त्यातला तिसरा हिस्सा दिला, तर मुलींनी साडेपाचशे, मुलांनी सातशेच्या आसपास थांबायचं. दुपारी सुरमई थाळी आहे, हे विसरू नका!

आता घावणे. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, संपलं. बिडाचा तवा तापवायचा, अर्ध्या कांद्याने तेल पुसून घ्यायचं आणि पातळ पीठ ओतायचं. एका घावण्यात 30 ग्रॅम पीठ धरलं तर 110 कॅलरी, अर्धा चमचा तेलाच्या 20. म्हणजे 130. तीन घावण्यांचे 390. सोबतच्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीचे शंभरेक धरा, दोन चमचे साखरेचा चहा 75. टोटल साधारण 565. बजेटमध्ये बसतंय की! (हे अंदाज आहेत, काकींचा डाव आणि हात किती मोठा, त्यावर पुढे-मागे.) आंबोळीचं गणितही फार वेगळं नाही. तिच्यात उडीद डाळ असते, पीठ आंबवलेलं असतं आणि जाडीमुळे दोन खाल्ल्या तरी पोट भरतं.

खरी गंमत वड्यांची. कोंबडी-वडे हे तसं दुपारचं जेवण, पण पर्यटक सकाळीच मागतात आणि मिळतातही. गरमागरम टम्म फुगलेला वडा पोकळ असतो, म्हणून हलका वाटतो. तो हलका नाही. पीठ घावण्याएवढंच, पण तळताना सात-आठ ग्रॅम तेल पोटात घेतो. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी. एका वड्याचे झाले 170. गप्पांच्या नादात पाच वडे कधी संपले कळत नाही आणि साडेआठशे कॅलरी आत, रस्सा वेगळा. मुलींचं दिवसाचं अर्धं बजेट सकाळी नऊलाच खलास! म्हणून वडे दोनच, आणि जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. या उसळीत प्रोटीन आणि फायबर दोन्ही असल्याने अकरा वाजता पुन्हा भजीच्या गाडीकडे पाय वळत नाहीत. उसळीत भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण असतं हे खरं, पण वाटीभराने काही बिघडत नाही.

गोडाकडे मात्र जरा जपून. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया. उकडलेला पदार्थ म्हणून आपण निर्धास्त होतो. पण तो बुडतो नारळाच्या दुधात आणि गुळात! शेवयांचे 270, गुळाचे शंभरेक, नारळाचे दीडशे. वाडगाभर शिरवाळे पाचशेच्या घरात सहज जातात. खापरोळीचंही तेच. तेव्हा शिरवाळे खायचेच (नाही खाल्ले तर मालवणला जाऊन काय केलं?), पण तेव्हा तोच नाश्ता. घावण्यांनंतरचं डेझर्ट म्हणून नव्हे. किंवा चौघांत एक वाडगा मागवा.

पेयांतही मेख आहे. पर्यटकांसमोर येतं ते बाटलीतलं गोड कोकम सरबत. ग्लासभर सरबतात चार चमचे साखर, म्हणजे 80 कॅलरी, सहज असते. त्याऐवजी आगळ मागा. कोकमाचा खारवलेला अर्क, थंड पाणी, चिमूटभर जिरेपूड. साखर शून्य. शहाळ्याचं पाणी घेतलंत तरी पन्नासेक कॅलरीच.

'किल्ल्यावर चालून सगळं जिरवू' हे आपलं लाडकं उत्तर. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये पायाभरणी केलेल्या सिंधुदुर्गाची तटबंदी जवळपास 3 किलोमीटरची. अख्खा फेरा मारला तरी 65 किलोच्या माणसाचे जळतात दीडशेच्या आसपास. म्हणजे एक वडासुद्धा पुरता जिरत नाही! किल्ला बघा तो किल्ल्यासाठी.

स्कुबा करणार असाल तर कॅलरीपेक्षा मळमळीचा विचार आधी. होडी हलायला लागली की तळलेलं खाल्लेल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्या दिवशी दोन घावणे, थोडी चटणी, बस्स. वडे पाण्यातून बाहेर आल्यावर.

सगळ्यात अवघड प्रश्न उरतोच. नाश्ता रूमच्या पैशांत धरलेला असतो, त्यामुळे 'वसूल' करण्याचा मोह होतो. त्यात काकी स्वतः तव्यावरून घावणो आणून ताटात वाढणार आणि म्हणणार, "इतक्यात पोट भरला? अजून येक घे मगे!" इथे 'आय अ‍ॅम ऑन डाएट' चालत नाही. काकींना ते जेवण आवडलं नाही असंच ऐकू येतं. त्यापेक्षा पहिलाच घावणो सावकाश खा, चटणीचं कौतुक करा, आणि चौथ्याच्या वेळी ताटावर हात आडवा धरून हसत सांगा, "पुरे काकी, दुपारच्या जेवणाक जागा ठेवतंय." काकी खूश होतात. दुपारी बांगड्याचा एक तुकडा जास्त वाढतात, तो भाग वेगळा.