एका दिवसाची मुंबई

मुंबई पाहायची तर खिसा रिकामा होतो, असा आपल्याकडे समज आहे. पण पनवेलहून हार्बर लोकल दीड तासाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही इमारत डोळे भरून पाहावी. मग वडापाव खाऊन पायीच हुतात्मा चौक आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया गाठावे. खरेदी परतीच्या वाटेवर ठेवावी, म्हणजे ओझे दिवसभर वाहावे लागत नाही. स्टेशनजवळच्या क्रॉफर्ड मार्केटचे आजचे नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे तेच हे फुले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तिथून आईसाठी पाव किलो खजूर घेतला आणि घरी येऊन तिला ते नाव समजावून सांगितले.