विश्लेषण : ‘तारक मेहता’चे जुने भागच का हवेहवेसे वाटतात?

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावात आजही अनेक घरांत रात्रीच्या जेवणाला मोबाइल ताटाशेजारी टेकवून उभा केला जातो आणि ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ सुरू होते. पण अनेकदा तो त्या दिवशीचा भाग नसतो. शोधून काढलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा भाग असतो, ज्यात दया आहे, टप्पू लहान आहे आणि नट्टूकाका पगारवाढ मागत आहेत. ‘आता पहिल्यासारखं नाही राहिलं बावा,’ हे वाक्य या मालिकेबद्दल वऱ्हाडातच नव्हे, देशभर ऐकू येते. मालिका सुरू आहे, लोक ती पाहतही आहेत. तरी ओढ मात्र जुन्या भागांची. असे का होते?

मालिका किती जुनी? ‘जुने भाग’ म्हणजे नेमके कोणते?

ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सब टीव्हीवर सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये तिला १७ वर्षे पूर्ण झाली आणि भागांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली आहे. एक भाग साधारण २० मिनिटांचा धरला, तर पहिल्यापासून सलग पाहायला ५५ दिवस-रात्र लागतील.

‘जुने भाग’ अशी काही अधिकृत वर्गवारी नाही. पण चाहत्यांच्या बोलण्यात एक रेषा साधारण ठरलेली आहे, ती म्हणजे २०१७. त्या वर्षी १ मार्चला मूळ लेखक तारक मेहता यांचे निधन झाले. त्याच वर्षी टप्पूची भूमिका करणारे भव्य गांधी मालिकेतून बाहेर पडले आणि सप्टेंबरच्या सुमारास दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वकानी प्रसूती रजेवर गेल्या, त्या नियमित भूमिकेत परतल्या नाहीत. त्याआधीचे ते ‘जुने’, नंतरचे ते ‘नवे’, असा हा हिशेब आहे.

सुरुवातीच्या भागांत वेगळे काय होते?

मालिकेचे मूळ गुजराती साप्ताहिक ‘चित्रलेखा’त आहे. तारक मेहता यांचे ‘दुनिया ने ऊंधा चश्मा’ हे सदर तिथे १९७१ मध्ये सुरू झाले. म्हणजे मालिका सुरू होताना जेठालाल, दया, टप्पू, चंपकलाल ही मंडळी ३७ वर्षांची मुरलेली होती. मालिकेने त्यांना गोकुळधाम सोसायटीत आणले आणि शेजारी पंजाबी, तमिळ, बंगाली, मराठी कुटुंबे बसवली.

सुरुवातीचे विषय अगदी लहान असत. टप्पूच्या चेंडूने भिडे मास्तरांच्या खिडकीची काच फुटते, जेठालालच्या दुकानात चुकीचा माल येतो, कोणाकडचे पाणी जाते, सोसायटीची बैठक भरते. आत्माराम तुकाराम भिडे हे शिकवणी घेणारे, काटकसरी, नियमांवर बोट ठेवणारे सेक्रेटरी. मंदार चांदवडकर यांनी रंगवलेले भिडे आणि सोनालिका जोशी यांची लोणची-पापड विकणारी माधवी मराठी घरांत लगेच ओळखीची झाली. असा एक मास्तर आणि अशी एक काकू प्रत्येक गल्लीत असतेच.

मात्र साप्ताहिक सदर आणि रोजची मालिका यांची भूक वेगळी असते. आठवड्याला एक लेख धरला, तर ३७ वर्षांत सुमारे १९०० लेख होतात. आठवड्याला पाच भाग दाखवणारी मालिका तेवढा साठा साडेसात वर्षांतच संपवेल. प्रत्येक लेखावर एक भाग निघत नाही, हे खरे. पण रोजच्या मालिकेला विषय किती झपाट्याने लागतात, हे यावरून कळते. मग एकच प्रसंग आठवडाभर ताणणे, गैरसमजावर गैरसमज रचणे, प्रत्येक पात्राची प्रतिक्रिया दाखवून वेळ भरणे असे मार्ग निघतात. चाहत्यांची मुख्य तक्रार नेमकी हीच आहे.

पात्रे बदलल्याचा परिणाम किती?

बराच. टप्पूच्या भूमिकेत भव्य गांधींनंतर राज अनादकट आणि २०२३ पासून नितीश भलुनी आले. सोनूची भूमिका झील मेहता, निधी भानुशाली, पलक सिंधवानी यांच्यानंतर चौथ्या अभिनेत्रीकडे गेली. अंजलीच्या भूमिकेतील नेहा मेहता २०२० मध्ये, तर मालिकेतील तारक मेहता म्हणजे शैलेश लोढा २०२२ मध्ये बाहेर पडले. डॉ. हाथींची भूमिका करणारे कवी कुमार आझाद यांचे जुलै २०१८ मध्ये, तर नट्टूकाकांची भूमिका करणारे घनश्याम नायक यांचे ऑक्टोबर २०२१ मध्ये निधन झाले.

तरीही बदली कलाकार म्हणजे नाराजीच, असे नाही. आज ज्या डॉ. हाथींसाठी लोक हळहळतात, ते आझादही बदलीच होते. अगदी सुरुवातीला ही भूमिका निर्मल सोनी करत होते. आझाद गेल्यावर तेच पुन्हा परतले. म्हणजे ‘मूळ’ कोण, हे पहिला कोण यावरून ठरत नाही. आपण ज्याला पाहून मालिकेत रमलो, तोच आपल्यासाठी मूळ ठरतो.

दयाची गोष्ट याहून वेगळी आहे. तिच्या जागी दुसरी अभिनेत्री आली नाही आणि कथेत तिचा शेवटही झाला नाही. ती आहे, पण माहेरी आहे. तिच्या परतण्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. गेलेल्या माणसाचे दुःख कधीतरी ओसरते. येणार-येणार म्हणून सांगितलेल्या माणसाची वाट मात्र पाहावीच लागते. जेठालालची भूमिका करणारे दिलीप जोशी आजही तितकेच सहज अभिनय करतात, पण घरात त्यांना टोला परतवणारे कोणी उरले नाही, ही उणीव प्रेक्षकाला रोज जाणवते.

तेव्हा अंजनगावसारख्या गावात टीव्ही कसा पाहिला जायचा?

२००८ चा काळ म्हणजे भारनियमनाचा काळ. रात्री साडेआठची मालिका दिसणार की नाही, हे वाहिनीपेक्षा विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून असे. एखादा भाग हुकला तर दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण हाच आधार. घरात टीव्ही एक, रिमोट एक. पानमळ्यातून किंवा संत्र्याच्या बागेतून परतलेला बाप, स्वयंपाक आवरणारी आई, गृहपाठ टाळणारी मुले आणि खाटेवर बसलेले आजोबा या सगळ्यांना चालेल असा कार्यक्रम लागे. सासू-सुनांच्या कटकारस्थानांनी भरलेल्या त्या काळात कोणाला उठून जावे लागणार नाही, अशी ही मालिका होती.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्या काळी मालिकांची लोकप्रियता मोजणारी यंत्रे प्रामुख्याने लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांतील घरांत बसवलेली असत. अंजनगाव सुर्जीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतही साठ हजारांच्या आत होती. अशा गावांतले हसू टीआरपीच्या आकड्यात जवळपास धरलेच जात नव्हते. ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण भागाची मोजणी २०१५ च्या अखेरीस सुरू केली. त्यामुळे मालिकेवरचे छोट्या गावांचे प्रेम आता उफाळल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते पहिल्यापासून होते, मोजले जात नव्हते एवढेच.

ही केवळ मनाची चलाखी आहे का?

काही अंशी आहे. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी अधिक ठळक राहतात, असे स्मरणशक्तीचे अभ्यासक सांगतात. २००८ मध्ये सातवी-आठवीत असलेली मुले आज तिशीला आली आहेत. शिक्षण-नोकरीसाठी अमरावती, नागपूर, पुण्याला गेली आहेत. त्यांच्यासाठी जुना भाग म्हणजे आजोबांसह भरलेले घरही असते.

दुसरे कारण एकतर्फी नात्याचे. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, पण आपल्याला तो ओळखीचा वाटतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच या नात्याचे विवेचन केले होते. रोज भेटणाऱ्या पात्राशी ते अधिक घट्ट होते. दया दिसेनाशी झाली तेव्हा अनेकांना शेजारीण घर सोडून गेल्यासारखे वाटले, ते यामुळेच.

पण सगळे खापर आठवणींवर फोडता येत नाही. २००८ नंतर जन्मलेली, तो काळ न पाहिलेली मुलेही जुने भागच शोधतात. त्यांच्याकडे हळवे होण्यासारखे काही नाही. जुने भाग त्यांना सरळ-सरळ जास्त विनोदी वाटतात.

इतर देशांतही असे घडते का?

घडते. ऑस्ट्रेलियातील ‘नेबर्स’ ही मालिका मार्च १९८५ मध्ये सुरू झाली. तिचा गाभाही शेजाराचाच. गोकुळधामच्या जागी रॅमसे स्ट्रीट. पहिल्याच वर्षी एका वाहिनीने ती बंद केली आणि दुसऱ्या वाहिनीने उचलली. काइली मिनोग आणि जेसन डोनोव्हन यांच्या पात्रांचे लग्न १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवले गेले, तेव्हा ते सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिले. मालिका पुढे तीन दशकांहून अधिक चालली, पण चाहत्यांचे मन त्या पहिल्या काही वर्षांतच अडकलेले राहिले. जुलै २०२२ मध्ये निरोपाचा भाग झाला, तेव्हा निर्मात्यांनी याच दोघांना परत बोलावले. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मालिका पुन्हा सुरूही झाली. गोकुळधामचा सेट गोरेगावच्या चित्रनगरीत आहे, रॅमसे स्ट्रीट मात्र मेलबर्नमधील खरी गल्ली. तिथे आजवर असंख्य चाहते जाऊन आले आहेत.

संपलेल्या मराठी मालिकांबद्दल अशी तक्रार का नसते?

प्रश्नाचे खरे उत्तर इथे सापडते. ‘आभाळमाया’ १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली आणि काही वर्षांनी संपली. ‘वादळवाट’ २००७ मध्ये संपली. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू होऊन तीन हजारांहून अधिक भागांनंतर २०१३ मध्ये थांबली. या मालिकांची आठवण निघाली की माणसे हसून बोलतात, क्वचितच चिडतात. त्या संपल्या आहेत, म्हणून त्यांची आठवण बंद पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी शाबूत आहे.

‘तारक मेहता’ला ती सवलत नाही. तिची आठवण रोज रात्री नव्या भागाशेजारी उभी राहते आणि रोज तुलना होते. त्यात मालिकेत काळच पुढे सरकत नाही. पोपटलालचे लग्न जमत नाही, भिडे मास्तरांचा स्वभाव बदलत नाही. पण कलाकारांचे वय वाढते, काही जातात आणि प्रेक्षकाचे घरही बदलते. गोष्ट थांबलेली आणि माणसे पुढे गेलेली, या फटीतून ‘पहिल्यासारखं नाही राहिलं’ हे वाक्य येते.

मोबाइलने काय बदलले?

पूर्वी जुना भाग आठवायचा असे, आता तो लावता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि मालिकेचे जुने भाग यूट्यूबवर व सोनी लिव्हवर हाताशी आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा जुलैपर्यंत टीव्हीवरही जुने भागच होते. त्या चार महिन्यांत अनेक घरांना जुन्या भागांची नव्याने सवय लागली. ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने फक्त मराठी वाहिनीवर २०१९ पासून मराठी रूपही दिसू लागले. पण प्रमाण मराठीतल्या या गोकुळधामातही वऱ्हाडी बोलणारा शेजारी नाही. ती उणीव भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावती जिल्ह्यातल्या कलाकारांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून भरून काढली.

यातून मालकीचा प्रश्नही निघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मालिकेची पात्रे, संवाद यांचा परवानगीशिवाय व्यापारी वापर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या बनावट चित्रफिती यांना मनाई केली. निर्मात्याच्या हक्काच्या दृष्टीने ते रास्त आहे. मात्र जुना कोणता भाग दिसेल आणि कोणता काढून घेतला जाईल, हेही कंपनीच ठरवते, प्रेक्षक नव्हे. अनेक जुन्या मराठी मालिकांच्या चाहत्यांना तर त्यांचे सगळे भाग शोधूनही मिळत नाहीत.

मग मालिका थांबवावी का?

तशी मागणी अधूनमधून होते, पण निर्णय सोपा नाही. मालिकेवर कलाकारांबरोबर तंत्रज्ञ, कामगार अशा अनेकांची पोटे आहेत आणि आजही ती आवडीने पाहणारी घरे आहेत. नवी पात्रे आणून गोकुळधाम भरलेले ठेवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. चाहत्यांपुरते पाहिले, तर एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. दया परत आली तर जेठालालच्या घरातली उणीव भरेल. पण भारनियमन संपल्यावर अख्ख्या घराने एका टीव्हीसमोर बसण्याची ती सवय कोणतीही वाहिनी परत आणू शकत नाही. ती हवी असेल, तर जेवताना चार हातांतले चार मोबाइल बाजूला ठेवून एकच लावावा लागेल. भाग जुना असो वा नवा.