टर्बो बसवा, पण धुराचा हिशेब द्या!

टर्बो लावला की गाडी पळते, हे गॅरेजमधल्या नव्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाजारातलं टर्बो किट कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर कायदेशीरपणे चालवायचं, तर आधी त्याला धुराच्या परीक्षेत पास व्हावं लागतं. मोटारवेड्यांना ही कटकट वाटते. मला मात्र खरं इंजिनिअरिंग तिथेच दिसतं.

या कडक नियमांची गोष्ट अननसापाशी जाते! कॅल्टेकमधले रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादातली रसायनं शोधत होते. तेच कसब त्यांनी लॉस एंजेलिसच्या हवेवर वापरलं आणि दाखवून दिलं की डोळ्यांतून पाणी काढणारं ते धुरकं मोटारींच्या वायूंवर ऊन पडून तयार होतं. १९६७ साली राज्याचं हवा मंडळ, म्हणजे ‘कार्ब’, स्थापन करण्याच्या कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली आणि मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले हेच हागेन-स्मिट.

टर्बो त्याहून कितीतरी जुना. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांचं पेटंट १९०५ सालचं. साध्या मोटारीत तो आला १९६२ मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअरमधून. जेटफायरच्या इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून मिथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटरचं मिश्रण सोडलं जाई. त्याची वेगळी टाकी होती, आणि त्या मिश्रणाचं नाव काय, तर ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’! मालक ती टाकी भरायला विसरत. शेवटी कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

आता कायदा. कॅलिफोर्निया व्हेइकल कोडचं कलम २७१५६ सांगतं की धूर रोखणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करणारा भाग बसवायचा नाही, विकायचा नाही, त्याची जाहिरातही करायची नाही. सुटका एकच : कार्बकडून ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ मिळवायची. तिचा नंबर छापलेलं स्टिकर बॉनेटखाली चिकटवलेलं असतं आणि स्मॉग चेक करणारा माणूस आधी तेच शोधतो.

ही ऑर्डर मिळवताना घाम कुठे फुटतो? टर्बो पूर्ण दमात असताना, असं वाटेल. पण नेहमीच्या चाचणीत गाडी कमाल ताशी ९१ किलोमीटरच पळते, कारण चाचणीचं हे चक्र लॉस एंजेलिसच्या शहरी रहदारीवरून बेतलेलं आहे. तिथे टर्बोला जोर दाखवायची फारशी संधीच मिळत नाही. (ती कसर भरायला अधिक वेगाची वेगळी चाचणी आहे.) खरी मेख असते गार इंजिनात. गाडी किमान १२ तास बंद ठेवून मग चालू करतात, आणि हायड्रोकार्बनचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे ‘कॅट’, साधारण २५० ते ३०० अंशांना कामाला लागतो. तवा तापल्याशिवाय भाकरी फुगत नाही, तसंच. आणि नेमका त्याच्या वाटेत हा लोखंडी टर्बो उभा राहून निम्म्या वाटेतच उष्णता खाऊन टाकतो! कॅट पुढे-मागे सरकवून सुटका करून घ्यावी, तर मूळ जागा सोडायला सहसा परवानगी नसते. म्हणून मॅनिफोल्ड आखूड ठेवणं, टर्बाइन हाउसिंग हलकं निवडणं, गार इंजिनाचं इग्निशन टायमिंग जपणं, असं सगळं किट त्या पहिल्या मिनिटाभोवती रचावं लागतं.

बारीकसारीक नळ्याही छळतात. क्रॅंककेसमधले वायू पुन्हा इंजिनात ओढून घेणारी पीसीव्ही व्यवस्था ही अमेरिकेतली धूर रोखण्याची पहिली सक्ती. कॅलिफोर्नियाने ती १९६१ मध्ये ठरवली. ती चालते इनटेकच्या ओढीवर. टर्बोने तिथे दाब भरला की वारा उलटा क्रॅंककेसमध्ये शिरणार! त्यासाठी वाटेत एकतर्फी व्हॉल्व्ह लागतो. पेट्रोलच्या वाफा ओढणाऱ्या नळीलाही तसाच.

गिअर बदलताना येणारा तो ‘फुस्स’ आवाज पोरांचा जीव की प्राण. पण एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ती हवा आधीच मोजलेली असते. ती बाहेर सोडली तरी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतोच. मिश्रण पेट्रोलने जड होतं, कॅट भाजून निघतो. म्हणून समजूतदार किट ती हवा गुपचूप परत इनटेकमध्ये वळवतं.

एक गंमत बघा. पेट्रोल पूर्ण जळायला दर किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाबही १४.७ पीएसआय. दोन्ही आकडे सारखे, नातं काडीचंही नाही!

लॅपटॉप लावून रीमॅप केलं की काम फत्ते, असं म्हणणाऱ्यांसाठी बातमी जुनीच आहे. १९ जुलै २०२१ पासून कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमध्ये ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात. ते मूळ कंपनीचं किंवा कार्बने मंजूर केलेलं नसेल, तर गाडी नापास. भले धूर कितीही स्वच्छ असो.

आणि आपल्याकडे? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. त्यामुळे पीयूसी काढून आणली म्हणजे टर्बो कायदेशीर झाला, असं मुळीच नाही. पुण्यातल्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेत १९६६ पासून मोटारींच्या चाचण्यांचं काम चालतं, पण कॅलिफोर्नियासारखा ‘हे किट पास आहे, खुशाल बसवा’ असा बॉनेटखाली चिकटवायचा नंबर पुण्यामुंबईच्या गॅरेजवाल्याला मिळत नाही. तो मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे हौसही आहे आणि हुशार मेकॅनिकही.