घरात मोरीचा वास येतोय? टाइल्स फोडण्याआधी असा शोधा त्याचा रस्ता

मे महिन्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवस गावी राहून तुम्ही दिल्लीच्या घरी परतता. कुलूप उघडून आत पाऊल टाकताच सडक्या अंड्यांसारखा वास नाकात शिरतो. लगेच फिनाइल ओतलं जातं, न्हाणीघरात सुगंधी वडी टांगली जाते. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वास पुन्हा हजर! मग शेजारी सल्ला देतात, ‘‘पाइप जुने झालेत, सगळी फरशी काढून नवीन टाका.’’

थोडं थांबा. असा वास बहुतेक वेळा अस्वच्छतेमुळे येत नाही. गटारातली हवा घरात यायला कुठेतरी रस्ता मोकळा झालेला असतो. तो रस्ता सापडला तर अनेकदा काम तांब्याभर पाण्यात किंवा एका रबरी रिंगमध्ये भागतं.

पाण्याचं झाकण

बेसिन, सिंक, कमोड आणि मोरीची जाळी या प्रत्येकाखाली पाइपाला एक वळण किंवा वाटीसारखा भाग असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. न्हाणीघराच्या फरशीत बसवलेल्या ट्रॅपला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. या वळणात साधारण 50 मिलिमीटर उंचीचं पाणी कायम साचून राहतं. वापरलेलं पाणी त्यातून पुढे निघून जातं, पण गटारातली हवा मागे येऊ शकत नाही. 1775 साली लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी असं वळण असलेल्या शौचकूपाचं पेटंट घेतलं होतं. आजही आपल्या घराचं रक्षण हेच पाणी करतं.

हे पाणी चार कारणांनी नाहीसं होतं. पहिलं कारण म्हणजे वापर नसणं. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात न वापरलेल्या मोरीतलं पाणी आटून जातं. दुसरं म्हणजे ट्रॅपला तडा जाणं. तिसरं, वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर पाइपातल्या ओढीने खालच्या ट्रॅपमधलं पाणी खेचलं जाणं. अशा वेळी मोरीतून ‘गुडगुड’ आवाज येतो. चौथं कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे केस. ट्रॅपच्या कडेवर अडकलेला केसांचा पुंजका समईतल्या वातीसारखा थेंब थेंब पाणी पलीकडे ओढून नेतो.

वासाकडे दुर्लक्ष का नको?

सडक्या अंड्यांचा वास असतो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. थोड्या प्रमाणात त्याने डोकं दुखतं, मळमळतं, डोळे चुरचुरतात. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ ‘धोका टळला’ असा होत नाही. 11 जून 2024 रोजी पुदुच्चेरीच्या रेड्डियारपाळयम भागात गटारातला विषारी वायू शौचालयांवाटे घरांत शिरला. त्यात दोन महिला आणि 15 वर्षांची एक मुलगी दगावली.

प्रश्न फक्त वायूचा नाही. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात 300 हून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. तपासात एक महत्त्वाचा दुवा सापडला, तो न्हाणीघरातल्या कोरड्या ट्रॅपचा. लोक फरशी पाण्याने धुण्याऐवजी नुसती पुसत होते. त्यामुळे ट्रॅप सुकले आणि एग्झॉस्ट फॅन सुरू झाला की सांडपाण्याच्या पाइपातले दूषित थेंब खोलीत ओढले जात होते.

आधी इतर शक्यता तपासा

वास स्वयंपाकघरात शेगडीजवळ येत असेल तर सगळ्यात आधी गॅसचा संशय घ्या. सिलिंडर किंवा पाइप गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर बाहेर जाऊन फोन करा.

वास फक्त गरम पाण्याला येतो का? मग दोष गीझरच्या टाकीत असू शकतो, मोरीत नाही. खिडक्या बंद केल्यावर वास कमी होत असेल तर तो जवळच्या नाल्याचा असावा. उलट खिडक्या बंद करून एसी किंवा एग्झॉस्ट लावल्यावर वाढत असेल तर रस्ता घरातच आहे.

एका आठवड्याचा शोध

पहिला दिवस : घरातल्या प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि पाहुण्यांच्या शौचालयात एक-एक तांब्या पाणी ओता. बाल्कनीतली आणि वॉशिंग मशीनमागची जाळी विसरू नका. दुसऱ्या दिवशी वास गेला तर उत्तर मिळालं.

दुसरा दिवस : जाळ्या काढून केस, साबणाचा थर आणि चिकट गाळ ब्रशने साफ करा. हातमोजे घाला. स्वयंपाकघराच्या सिंकखालचा बॉटल ट्रॅप बादली ठेवून उघडा आणि धुऊन पुन्हा घट्ट बसवा.

तिसऱ्या दिवसापासून : वास तरीही येत असेल तर जाड पॉलिथिनच्या पिशव्यांत थोडं पाणी भरून गाठ मारा आणि रात्री प्रत्येक जाळीवर एक पिशवी ठेवा. पाण्याच्या वजनाने पिशवी जाळीला चिकटून बसते. सकाळी वास नसेल तर रोज एकच पिशवी काढा. जी काढल्यावर वास परत येईल, ती मोरी दोषी.

सगळ्या पिशव्या असतानाही वास येत असेल तर टिश्यू पेपरची पातळ पट्टी पाइपाच्या सांध्यांजवळ धरा. पट्टी खोलीच्या दिशेने हलली तर तिथून हवा येते आहे. यासाठी उदबत्ती किंवा काडी पेटवू नका, कारण गटाराच्या हवेत पेट घेणारा मिथेनही असू शकतो.

जुन्या फ्लॅटमधल्या लपलेल्या जागा

जनकपुरी, रोहिणी, मयूर विहार इथल्या डीडीएच्या जुन्या फ्लॅटमध्ये गेल्या काही दशकांत बरेच बदल झाले आहेत. बाल्कनीचं स्वयंपाकघर झालं, तळमजल्यावर मागचं अंगण खोलीत आलं. म्हणून या जागा नक्की बघा :

बेसिनचा लवचीक पाइप : तो भिंतीतल्या किंवा फरशीतल्या भोकात नुसताच खोचलेला असतो. भोवतीच्या फटीत रबरी रिंग बसवा.

एसी आणि आरओचा पाइप : एसीच्या पाण्याचा पाइप थेट मैल्याच्या पाइपात सोडला असेल तर वास झोपायच्या खोलीत येतो. तो पाइप बाहेर मोकळा सोडा किंवा ट्रॅप असलेल्या मोरीत न्या.

कमोडचा तळ : कडेचं सिमेंट तडकलं आहे का, कमोड हलतो का ते पाहा. टाकीत खायचा रंग टाकून फ्लश करा. तळाशी रंग दिसला तर सांधा गळतो आहे.

झाकलं गेलेलं चेंबर : अंगणातलं चेंबर आज तुमच्या ओट्याखाली किंवा कपाटाखाली असू शकतं. त्याचं झाकण हवाबंद करून घ्या.

गच्चीवरचा हवेचा पाइप : हा पाइप गटारातली हवा उंचावर सोडतो आणि ट्रॅपमधलं पाणी खेचलं जाऊ देत नाही. वर खोली बांधताना तो कापला गेला असेल किंवा कबुतरांच्या घरट्याने बुजला असेल तर खालच्या सगळ्या मजल्यांना त्रास होतो. हे काम सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून करावं.

एवढं करूनही रस्ता सापडला नाही तर प्लंबरला ‘स्मोक टेस्ट’ करायला सांगा. चेंबरमधून पाइपात धूर सोडला की तो जिथून घरात येईल, तिथेच फरशी उघडावी लागते. बाकीची शाबूत राहते.

हे चुकूनही करू नका

अॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वारंवार अॅसिड ओतल्याने जुने बिडाचे पाइप आणि सिमेंटचे सांधेही खराब होतात.

चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरवू नका. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत उतरलेली माणसं याच वायूने जीव गमावतात. 2013 च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं हा गुन्हा आहे. रस्त्यावरची सीवर लाइन तुंबली असेल तर दिल्लीत जल बोर्डाच्या 1916 या क्रमांकावर तक्रार करा आणि मशीननेच सफाई करून घ्या.

सुट्टीवर जाण्याआधी

पुढच्या वेळी गावी निघताना गॅस आणि नळ बंद करता करता आणखी एक काम करा. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल ओता. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही. एरवीही न वापरल्या जाणाऱ्या मोरीत दर रविवारी पाणी ओतायचं काम मुलांकडे सोपवा. घराचं हे झाकण जपायला एवढं पुरेसं आहे.