वाईनच्या देशा, खडीच्या वाटेने

फ्रान्सची वाईन ट्रिप म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? एसी बस, हातात छत्री उंच धरून पुढे चालणारी गाइड, एका दिवसात चार तळघरं आणि संध्याकाळी जड झालेलं डोकं. खिशाला चाट बसते ती वेगळीच! पण याच भागात फिरायचा आणखी एक भन्नाट मार्ग आहे. सायकल काढायची आणि डांबरी रस्ता सोडून थेट द्राक्षबागांमधल्या खडीच्या वाटांना लागायचं. याला म्हणतात ग्रॅव्हल बायकिंग.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी बर्गंडीत तीन दिवस हेच केलं. आल्यावर प्रत्येकाने विचारलं, ‘किती वाईन प्यायलीस?’ खरं सांगायचं तर फारच थोडी. पण वाईन जिथून येते ती जमीन मात्र चाकाखालून बघितली. आणि ती बघताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती पुढे येईलच.

आधी फंडा क्लिअर करू

ग्रॅव्हल बाईक दिसायला रेसिंग सायकलसारखी. हँडल तसंच खाली वळलेलं. पण टायर चांगले जाड, साधारण ४० मिलिमीटरचे, त्यात हवा थोडी कमी. ब्रेक डिस्कचे आणि बसायची पद्धत जरा आरामाची. म्हणजे डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि खडीवर आली तरी हाडं खिळखिळी करत नाही.

ही क्रेझ वाढली अमेरिकेत. कॅन्ससमधली ‘अनबाउंड’ नावाने आज गाजणारी रेस २००६मध्ये सुरू झाली. युरोपातल्या बड्या रेसेसनाही मग खडीचा मोह आवरेना. ‘पॅरिस-तूर’ या जुन्या रेसने २०१८मध्ये द्राक्षबागांतल्या कच्च्या वाटा मार्गात घेतल्या आणि पंक्चरची रांग लागली. २०२४च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये तर त्र्वा शहराभोवतीच्या नवव्या टप्प्यात पांढऱ्या मातीचे तब्बल १४ पट्टे होते, एकूण ३२ किलोमीटर. शॅम्पेनच्या बागांच्या त्या भागात धुळीने माखलेला फ्रेंच रायडर अँथनी त्युर्जिस जिंकला.

आपल्याला अर्थात जिंकायचं नाही. आपल्याला हवी शांतता. ती बर्गंडीत भरपूर आहे.

दिवस पहिला : बोन ते सांतने

बोन हे बर्गंडीच्या वाईनचं मुख्य गाव. १४४३मध्ये उभारलेलं, रंगीत कौलांचं जुनं धर्मादाय रुग्णालय इथेच आहे. गावाबाहेर पडलं की ‘व्वा दे व्हीन्य’, म्हणजे द्राक्षबागांची वाट सुरू होते. सांतनेपर्यंत साधारण २२ किलोमीटर. मध्ये लागणाऱ्या गावांची नावं वाचून वाईनवाले हळवे होतात : पोमार, व्होलने, मर्सो, पुलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे.

ही वाट बरीचशी पक्की आहे, त्यामुळे हात बसायला एकदम बेस्ट. खऱ्या ग्रॅव्हलसाठी तिला फुटणाऱ्या, उताराच्या वर चढणाऱ्या वाटा आहेत. चुनखडीचा पांढरा चुरा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि मधूनच ‘कॅबोत’ नावाची दगडी खोपटी. पूर्वीचे शेतकरी बागेत निघालेले दगड एकावर एक रचून, चुना-सिमेंट न वापरता ही खोपटी बांधायचे, पाऊस आला की आडोशाला.

माझं आजोळ पिंपळगाव बसवंतचं, त्यामुळे द्राक्षबाग मला नवी नाही. पण मामाच्या बागेत मांडवाखालून माणूस ताठ चालतो. इथे वेल जेमतेम कमरेएवढा! एका हेक्टरात साधारण १० हजार वेली दाटीने लावलेल्या. त्यामुळे सायकलवरून नजर थेट डोंगराच्या कडेपर्यंत जाते.

आणि मग उतार समजायला लागतो. कारमधून तो कळत नाही, पायांना मात्र लगेच कळतो. उताराच्या मधल्या पट्ट्यात सगळ्यात मानाच्या ‘ग्राँ क्रू’ बागा. मोंराशेची बाग अवघी आठ हेक्टर, त्यातही अनेक मालक. तिथून काहीशे मीटर खाली उतरा. द्राक्ष तेच शारदोने, माणसं त्याच गावातली, पण बाटलीवर फक्त गावाचं नाव येतं आणि किंमत धाडकन खाली येते. माती, पाण्याचा निचरा आणि ऊन यांतल्या एवढ्याशा फरकाचा हा खेळ. अशा प्रत्येक तुकड्याला इथे ‘क्लिमा’ म्हणतात. असे १,२४७ तुकडे २०१५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

आपली सुट्टी, त्यांचं ऑफिस

आता ती गोष्ट. या वाटा शांत आहेत म्हणून आपण जातो. पण त्या आपल्यासाठी केलेल्या नाहीत. त्या आहेत ट्रॅक्टरसाठी. आणि साधासुधा ट्रॅक्टर नव्हे, वेलींच्या ओळीवर चक्क तंगड्या फाकून चालणारा उंचच उंच ट्रॅक्टर!

मी गेले तेव्हा तोडणीचे दिवस होते. एका वळणावर वाट अडवून ट्रेलर उभा होता. बाजूला वीसेक माणसं कमरेतून वाकून, हातात कात्री घेऊन घड खुडत होती. माझ्यामागून चार-पाच जणांचा एक ग्रुप आला. थांबायच्या ऐवजी त्यांनी सायकली सरळ वेलींच्या दोन ओळींमध्ये घातल्या आणि पलीकडून निघून गेले. एकाने तर जाता जाता घडही तोडला. कामावरची बाई काही बोलली नाही, फक्त त्यांच्याकडे बघत राहिली. पिंपळगावात तोडीच्या दिवसांत कोणी असा बागेत घुसला असता तर मामा गप्प बसला नसता, हे मी खात्रीने सांगते.

त्या रात्री मी ज्या घरी उतरले होते तो यजमान स्वतः द्राक्षवाला. थोड्या हेक्टरांची घरची बाग. त्याला हा प्रसंग सांगितला तर त्याने खांदे उडवले. त्याचं म्हणणं, सायकलवाले आलेले चांगलेच. दोन बाटल्या घेतात, आवाज करत नाहीत. पण पावसानंतर ओल्या वाटेवर चाकांचे चर पडले की पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच धावतं आणि माती खाली वाहून नेतं. इथे प्रत्येक वीतभर मातीला किंमत आहे. वाहून गेलेली माती शेतकरी पिढ्यान् पिढ्या टोपलीने परत वर नेत आले. खासगी वाटांवर साखळी लावायची का, अशी चर्चा त्याच्या शेजाऱ्यांमध्ये सुरू झाल्याचंही तो म्हणाला.

त्यांच्यापुढे आधीच काय कमी आहे! बोनमधल्या तोडणीच्या तारखांची नोंद थेट १३५४ पासून मिळते. संशोधकांनी २०१९मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा दिसलं की १९८८पासून तोडणी आधीच्या शतकांच्या मानाने सरासरी १३ दिवस लवकर होते आहे. वसंत लवकर येतो, कोंब लवकर फुटतो आणि मग एखादी गारठ्याची रात्र सगळं जाळून जाते. एप्रिल २०२१मध्ये तेच झालं. रात्रभर बागांमध्ये मेणबत्त्यांचे डबे पेटवूनही फ्रान्सभर प्रचंड नुकसान झालं. अशा माणसाच्या बांधावरून जाताना दोन मिनिटं थांबणं एवढं काही जड नाही.

दिवस दुसरा आणि तिसरा

दुसऱ्या दिवशी मी मागच्या डोंगरात शिरले. हा भाग ‘ऑत-कोत’, म्हणजे वरचे उतार. सां-रोमांच्या कड्याखालून वाट चढते, मग जंगल, मग गवताळ पठार, मग पुन्हा एखादी एकटी बाग. तासाभरात मला भेटले ते एक आजोबा आणि त्यांचा कुत्रा. बस्स! इथली खडी मात्र खरी. उतारावर मागचा ब्रेक हळू दाबायचा आणि हात सैल ठेवायचे.

तिसरा दिवस पायांना सुट्टी. शालों-सूर-सोनपर्यंत ट्रेन आणि तिथून जिव्रीमार्गे क्लूनी. जिव्री ते क्लूनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ४४ किलोमीटरचा रस्ता १९९७मध्ये खुला झाला. फ्रान्समधली ही पहिली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे मोटारींना बंदी असलेली हिरवी वाट. क्लूनीच्या पुढे १.६ किलोमीटरचा थंडगार बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद असतो, कारण तेव्हा आत वटवाघळं झोपलेली असतात! वटवाघळांचा हंगाम पाळणाऱ्या देशात आपण द्राक्षवाल्यांचा पाळायला काय हरकत आहे?

जायचंय? मग हे वाचा

• कधी? मे-जून किंवा सप्टेंबर. तोडणी बघायची असेल तर तारीख आधी विचारून घ्या, ती दरवर्षी सरकते.

• कसं? पॅरिसहून दिजोंपर्यंत टीजीव्हीने सुमारे दीड तास, पुढे बोनला लोकल ट्रेन. सायकल बोनमध्ये भाड्याने मिळते, पण ग्रॅव्हल बाईक आधीच बुक करा. शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो.

• पाणी : गावाच्या दफनभूमीत हमखास नळ असतो. ‘नॉं पोताब्ल’ अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

• जेवण : दुपारी १२ ते २ छोट्या गावांत दुकानं बंद. चीज आणि ब्रेड सकाळीच पिशवीत टाका.

• पिणं : दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, एका लिटर रक्तात ०.५ ग्रॅम. टेस्टिंगला थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं हा तिथला शिष्टाचारच, लाजू नका.

• शिकार : शरद ऋतूपासून फेब्रुवारीपर्यंत जंगलात शिकारी असतात. भडक रंगाचं जॅकेट घाला.

• बागेत : फवारणी सुरू असेल तर दुसरी वाट धरा. जोरदार पावसानंतर एक दिवस पक्क्या रस्त्यावरच राहा. ट्रॅक्टर दिसला की उतरा, बाजूला व्हा आणि ‘बोंजूर’ म्हणा. मला अशाच एका ट्रॅक्टरवाल्याने उलट हात करून पुढची चांगली वाट दाखवली. नकाशात ती नव्हतीच.